नवलांक

वृषाली मगदूमच्या संकल्पनेला शंभरापैकी तेवीस गुण मिळाले. खाली यंत्राने एक वाक्य लिहिलं होतं: 'या आशयाच्या चार हजारांहून अधिक कथा आधीच उपलब्ध आहेत.'

ती गोष्ट वृषालीच्या सख्ख्या बहिणीच्या मरणाची होती.

सुरेखा, तिची आक्का, तासगावजवळच्या एका शीतगृहात बेदाणा निवडायला जायची. दीड वर्षापूर्वी तिथल्या अमोनियाच्या पाइपाचा सांधा फुटला आणि निवडणीच्या खोलीत वायू शिरला. तो पुढच्या दाराकडूनच येत होता, आणि मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. नऊ बायका गेल्या. आक्का मागच्या दाराला टेकलेली सापडली. कुलूप का होतं, यावर एका निवृत्त न्यायाधीशांसमोर अजून चौकशी चालू होती. वाचलेल्या बायका सांगत की बेदाण्याचे बॉक्स चोरीला जातील म्हणून मालकाने ते कायमच लावलेलं असायचं. मालकाचं म्हणणं असं की आवारात बिबट्या फिरत असल्याची तक्रार झाली होती, वनरक्षकाने दार बंद ठेवायला सांगितलं, म्हणून ते लावलं.

वृषाली गोरेगावात राहून मालिकांचे संवाद लिहायची. आक्काची गोष्ट तिने स्वतःसाठी लिहायला घेतली होती. दोन पानांची संकल्पना करायला तिला वर्ष लागलं. आक्काचे हात, बेदाण्याचा चिकटपणा, त्याला दिलेल्या गंधकाच्या धुरीचा वास, दारावरच्या थापा, सगळं तिने त्यात घातलं. आणि यंत्राने ते वाचून तेवीस म्हणून सांगितलं.

त्या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. कथा लिहून देणारी यंत्रं स्वस्त झाल्यावर जो तो दिवसाला दहा संकल्पना पाठवू लागला. स्टुडिओत कथा वाचणारी माणसं मोजकी, त्यांच्यापुढे लाखांचा ढीग. त्यावर उपाय म्हणून नवलांक आला. कल्पना सोपी होती. प्रत्येक कथेचं रूपांतर आकड्यांच्या एका लांबलचक माळेत करायचं. त्यातला एक आकडा सांगणार की कथेत मृत्यू किती आहे, दुसरा सांगणार की सूड किती, तिसरा सांगणार की शेवटी जिंकतं कोण. असे हजारो आकडे. ही माळ म्हणजे कथेचा पत्ता. आजवरच्या सगळ्या कथा अशा एका अफाट नकाशावर मांडल्या की काही ठिकाणी दाटी दिसते आणि काही ठिकाणी ओसाड माळरान. नवी कथा तिच्या सगळ्यांत जवळच्या वस्तीपासून जितकी दूर, तितका तिचा नवलांक जास्त. सत्तरच्या खालची संकल्पना माणसापर्यंत पोचतच नसे.

सुरुवातीला लेखकांनीही याचं स्वागत केलं. कॉपी करणारे खरोखरच बाहेर फेकले गेले. नकाशावरची काही माळरानं ओसाड का आहेत, तिथे कुणाला का जावंसं वाटलं नसेल, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

वृषालीने निनाद कर्णिकला गाठलं. निनाद एका मोठ्या स्टुडिओत संहिता वाचायचा. दोघांनी एकेकाळी एकाच मालिकेवर काम केलं होतं. त्याने नियम मोडून तिची दोन पानं वाचली आणि बराच वेळ चष्मा पुसत बसला. चांगलं आहे, फार चांगलं आहे, म्हणाला. पण पुढे पाठवायची सोय त्याच्या हातात नव्हती. सत्तरच्या खालचं त्याच्या पडद्यावर उघडतच नसे.

"खोटं आहे असं कुणी म्हणत नाहीये, वृषाली," तो म्हणाला. "खूप वेळा झालंय, एवढंच."

"झालंय की सांगितलंय?"

"यंत्राला दोन्ही सारखंच."

"त्या नऊ बायका पहिल्यांदाच मेल्या, निनाद. याआधी त्या कधी मेल्या नव्हत्या."

 निनादने मग त्याला जमणारी मदत केली. कोंडलेल्या कामगार बायका, लोभी मालक, न्याय मागणारी बहीण, ही नकाशावरची सगळ्यांत दाट वस्ती आहे, असं त्याने समजावलं. तिथून बाहेर पडायचं तर यातला एक तरी खांब उपटावा लागेल. मालक नसेल तर? कुलूप दुसऱ्याच कुणी लावलं असेल तर?

ती तिथून निघाली तेव्हा तिचे कान तापले होते. राग निनादवर नव्हता. तो नेमका कुणावर आहे ते कळत नव्हतं, आणि त्यामुळेच तो उतरत नव्हता. मिळत्याजुळत्या चार हजार कथा म्हणजे कुठेतरी चार हजार बंद दारं. एवढ्या वेळा घडलं, तर एवढ्या वेळा ऐकून घ्यायला काय हरकत होती?

त्याच रागात तिने संकल्पना पुन्हा उघडली. बघू तरी, या यंत्राला काय हवंय. मालक काढून टाकला, गुण चाळिशीत गेले. न्याय मागणारी बहीण काढली, साठीच्या जवळ आले. मग तिने मेलेल्या बाईच्याच हातात किल्ली दिली. एका मैत्रिणीची चोरी पकडायची म्हणून ती बाई स्वतः मागच्या दाराला कुलूप लावते, आणि त्याच दिवशी वायू सुटतो. पडद्यावर अठ्ठ्याऐंशी उमटले.

आणि गोष्ट चांगली झाली होती. वृषाली पंधरा वर्षं लिहीत होती, तिला ते कळत होतं. नायिकेचं नाव तिने शैला ठेवलं, गावाचं नाव बदललं. ही आक्का नाहीच, असं तिने स्वतःला सांगितलं आणि पाठवून दिली.

पंच्याऐंशीच्या वरच्या संकल्पना लेखकाच्या नावानिशी जाहीर होत, तीन ओळींच्या गोषवाऱ्यासह, म्हणजे तीच जागा दुसऱ्या कुणी बळकावू नये. तीन स्टुडिओंनी चौकशी केली. निनादने स्वतः फोन करून अभिनंदन केलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच लोक वृषालीकडून येणाऱ्या फोनची वाट बघत होते, आणि तिला ते आवडत होतं.

मग प्राजक्ताचा फोन आला. प्राजक्ता आक्काची मुलगी. सांगलीला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"मावशी, आईनं कुलूप लावलं?"

वृषाली समजावू लागली की ती कथा आहे, त्यातली बाई वेगळी, गाव वेगळं. प्राजक्ताने सगळं ऐकून घेतलं.

"नऊ बायका, बेदाणा, कुलूप," ती म्हणाली. "आणखी कुणाची आई आहे ती?"

मग तिने बाकीचं सांगितलं. चौकशीत शीतगृहाच्या वकिलांनी त्या तीन ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या. मृताच्या बहिणीलाच काय वाटतं ते ऐका, असं म्हणून. दाजी, प्राजक्ताचे वडील, तिथे साक्षीला उभे होते. त्यांना नीट कळलं नाही, त्यांनी वकिलांना पुन्हा वाचायला सांगितलं.

वृषाली दुसऱ्या दिवशी तासगावला गेली. दाजींनी "आलीस का" एवढं विचारलं, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि शेतावर निघून गेले. प्राजक्ता थांबली, पण तिला बस म्हणाली नाही. वृषालीने वाटेतच संकल्पना मागे घेतली होती. तिने ते सांगितलं.

"मागे घेऊन काय होतंय," प्राजक्ता म्हणाली. "वाचलेलं मागे येतंय का?"

मग वृषाली म्हणाली की मी चौकशीसमोर उभी राहते आणि शपथेवर सांगते की ते सगळं मी रचलंय. प्राजक्ताच्या मते तेवढ्याने भागणार नव्हतं. मालकाच्या बिबट्यापुढे सगळं अडलं होतं. बिबट्याची तक्रार खरंच झाली होती, वनरक्षक खरंच येऊन गेला होता. वाचलेल्या बाकीच्या बायकांना नेमक्या तारखा सांगता येत नव्हत्या; कुलूप त्याच्या आधीपासून होतं हे ठामपणे सांगू शकेल अशी एकच बाई होती, हसीना मुल्ला. ती आणि आक्का शेजारी बसून निवडणी करायच्या. वायू सुटला तेव्हा हसीना पुढच्या अंगणात वजनकाट्यावर होती, म्हणून वाचली. पण दीड वर्षात ती एकदाही साक्षीला आली नव्हती. विचारलं की तब्येतीचं कारण सांगायची.

दोघी तिच्या घरी गेल्या. हसीना दारात बसून लसूण सोलत होती. वृषालीला बघून तिने ओळख दिली, पण हात थांबवले नाहीत. वृषालीने सरळ विचारलं. मी लिहिलंय ते खोटं आहे हे तुम्ही तरी सांगाल ना? आक्काने कुलूप लावलं नव्हतं, एवढंच सांगायचंय.

हसीनाने हातातला लसूण खाली ठेवला.

"खोटं हाय," ती म्हणाली. "पण पुरतं खोटं न्हाई, बाई."

मग तिने सांगितलं.

कुलूप पहिल्यापासून होतं. त्या दोघींनी त्याची तक्रार 'तक्रारसेतू'वर केली होती, जिल्ह्याच्या तक्रारींचं ते ॲप. एकदा नाही, तीनदा. प्रत्येक वेळी लगेच उत्तर यायचं की अशा स्वरूपाची तक्रार यापूर्वी नोंदवलेली आहे, सबब ती मूळ तक्रारीत समाविष्ट करून बंद करण्यात येत आहे. मूळ तक्रार कुणाची, कुठली, ते कळायचं नाही. सुरेखाने मुलीच्या कॉलेजात कुणाकडून तरी विचारून घेतलं, तेव्हा समजलं की तिथेही नवलांकाचंच यंत्र बसवलेलं आहे. अधिकाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून. सारखं-सारखं येतं ते यंत्र एकत्र बांधून ठेवतं, आणि वेगळं असेल तेवढंच माणसासमोर ठेवतं.

"सुरेखा मला म्हणाली, मग वेगळंच लिहू या की," हसीना म्हणाली. "हसत होती."

सुरेखाने नाव न देता लिहिलं की शीतगृहात मागच्या दारातून बिबट्या शिरतो. बिबट्या म्हटल्यावर कुणीतरी येईल, मागचं दार बघायला मागेल, मग आपण कुलूप दाखवू, असा तिचा हिशोब होता. शीतगृहातून बिबट्याची तक्रार त्याआधी कुणीच केलेली नसणार. त्याच दिवशी दुपारी जीप आली. बायका आत निवडत होत्या, त्यांना उठू दिलं नाही. वनरक्षकाने मॅनेजरबरोबर आवारात फिरून ठसे शोधले, मिळाले नाहीत. मागच्या दाराशी आल्यावर त्याने कुलूप ओढून बघितलं आणि हे दार बंदच असू दे, म्हणून बजावून तो गेला. त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही, तो बिबट्यासाठी आला होता. पण तोवर निदान जेवणाच्या सुट्टीत कुलूप निघायचं. त्या दिवसानंतर निघालं नाही.

"तिनं मला शपथ घातली, कुणाला सांगू नको म्हणून," हसीना म्हणाली. "मग ती गेली. आता सांगितलं तर ते वकील काय म्हणतील, तुम्हीच सांगा. बाईनं खोटी तक्रार केली, तिच्यापायी दार बंद झालं, असंच म्हणतील ना?"

वृषालीच्या मनात त्या क्षणी जे आलं त्याची तिला पुढे कितीतरी दिवस शिसारी वाटत राहिली. याला नव्वदच्या वर मिळतील, असं तिच्या मनात आलं. हसीनाचे डोळे भरलेले होते, प्राजक्ता भिंतीला धरून उभी होती, आणि तिच्या डोक्यातलं काहीतरी गुण मोजत होतं. ते यंत्र आता कुठे बसवलंय हे तिला तेव्हा कळलं.

प्राजक्ताने भिंतीवरचा हात काढला.

"म्हणजे आईला पण मार्क पाडून घ्यावे लागले," ती म्हणाली.

मग ती दोघींवरही चिडली. हसीनावर, इतके दिवस गप्प राहिली म्हणून. मावशीवर, आणि नंतर आईवरही. मला का नाही विचारलंस, मी दुसरं काही केलं असतं, असं ती आईला उद्देशून म्हणाली, समोर असल्यासारखं. हसीनाने तिला जवळ ओढलं तेव्हा तिने आधी हात झटकला, मग झटकला नाही.

शेवटी ठरवलं तिनेच. हे लपवलं तर मालकाचा बिबट्या खरा ठरतो. सांगितलं तर आई खोटी ठरते, पण कुलूप आधीपासून होतं हे सिद्ध होतं. कारण कुलपाच्या तीन तक्रारी बिबट्याच्या आधीच्या होत्या.

"आईला लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू दे," प्राजक्ता म्हणाली. "दार कुणी बंद केलं ते ठरलं पाहिजे."

चौकशीत आधी वृषाली उभी राहिली. तिने सांगितलं की त्या तीन ओळी तिने रचल्या, खरी गोष्ट कुणी वाचायला तयार नव्हतं म्हणून. मग हसीनाने सगळं सांगितलं. वकिलांनी अपेक्षेप्रमाणे सुरेखाच्या खोटेपणावर बोट ठेवलं. दोन बहिणी, दोघींनाही रचून सांगायची सवय दिसते, असं ते म्हणाले. मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी हसलं. वृषालीने वळून बघितलं, ते दाजी नव्हते. दाजी ताठ बसले होते. बाहेर आल्यावर ते वृषालीशी पहिल्यांदा नीट बोलले.

"ती मला म्हणाली होती, जीप येणार म्हणून," ते म्हणाले. "मला वाटलं, थट्टा करतीय."

न्यायाधीशांनी 'तक्रारसेतू'कडून मूळ तक्रार मागवली. ती चार वर्षांपूर्वीची होती, दुसऱ्याच तालुक्यातल्या दुसऱ्याच शीतगृहातली. तिच्या पोटात तिच्यासारख्या शेकडो तक्रारी बांधून ठेवलेल्या होत्या. मूळ तक्रारीपुढे 'कार्यवाही सुरू' असं लिहिलेलं होतं. ती कुणीच उघडलेली नव्हती. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीने साक्षीत सांगितलं की प्रणाली ठरवून दिल्याप्रमाणेच चालली, तिच्यात कोणताही बिघाड नव्हता. ते खरंच होतं. वृषालीला मालकापेक्षा त्या माणसाचा जास्त राग आला, त्याच्या शांत आवाजाचा, त्याच्या इस्त्रीचा.

बातमी दुपारी फुटली. निनादचा फोन आला. बिबट्याची गोष्ट त्याने स्वतःच यंत्रात घालून बघितली होती, चौऱ्याण्णव आले होते. आजच्या आज पाठव, म्हणाला. संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला, या वेळी पडेल आवाजात. तोपर्यंत सगळ्या वाहिन्यांनी ती गोष्ट सांगून झाली होती, शेकडो लोकांनी त्यावर संकल्पना टाकल्या होत्या. नवलांक एकतीसवर आला होता.

"म्हणजे आता ती जुनी झाली," वृषाली म्हणाली.

"मी काय करू, वृषाली?"

"तू वाच," ती म्हणाली. "तुझं काम तेच आहे ना? एखादं तेवीसवालं वाचून कुणाच्या तरी टेबलावर नेऊन आपट." आणि तिने फोन ठेवला. निनादने ते केलं की नाही, तिला कधीच कळलं नाही. जाहीर संकल्पना मागे घेतली म्हणून तिचं नवलांकावरचं खातं दोन वर्षांसाठी बंद करण्यात आलं होतं.

अहवाल आला तेव्हा मालकावर आणि मॅनेजरवर गुन्हा दाखल झाला. दार वनरक्षकाच्या येण्याआधीपासून बंद असे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. यंत्राबद्दल एक परिच्छेद होता, त्यात 'सुधारणेस वाव आहे' असं म्हटलं होतं. 'तक्रारसेतू' पूर्वीसारखाच चालू राहिला. आसपासच्या शीतगृहांतली मागची दारंही पूर्वीसारखीच बंद राहिली. हसीनाने दुसऱ्या एका शीतगृहात काम धरलं, तिथे पहिल्याच दिवशी तिने मागचं दार ओढून बघितलं. कुलूप होतं.

तिने ॲपवर तक्रार केली नाही. ती बायकांच्या घरोघर फिरली. प्राजक्ताने जुने नियम शोधून काढले. माणूस तहसील कार्यालयात येऊन तोंडी तक्रार करत असेल, तर ती त्याच्या शब्दांत लिहून घ्यायला कार्यालय बांधील होतं. तो नियम रद्द करायचा राहून गेला होता.

एका सोमवारी तालुक्यातल्या शीतगृहांमधल्या बायका कार्यालयात आल्या. रांग जिन्यावरून खाली, फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली. खिडकीतल्या कारकुनाने हे ॲपवर टाका म्हणून बघितलं, साहेब बाहेर गेलेत म्हणूनही बघितलं. मग नाइलाजाने त्याने नोंदवही ओढली. हसीना पहिली होती.

"मी काम करते तिथलं मागचं दार कामाच्या वेळी उघडं पाहिजे," तिने सांगितलं. त्याने लिहिलं.

दुसऱ्या बाईने तेच सांगितलं. त्याने 'वरीलप्रमाणे' लिहिलं. हसीना बाजूलाच उभी होती, तिने वाकून बघितलं.

"वरीलप्रमाणे नको," ती म्हणाली. "पूर्ण लिहा."

त्याने खोडून पूर्ण लिहिलं. तिसरीचंही पूर्ण लिहिलं. हळूहळू त्याने मान वर करणं सोडून दिलं. साहेब बाहेरून आले तेव्हा त्यांना रांगेतूनच वर यावं लागलं, आणि जिन्यावरच्या प्रत्येक बाईने त्यांना तेच वाक्य सांगितलं. ते आपल्या खोलीत गेले, मग बाहेर येऊन कारकुनाच्या मागे उभे राहिले, आणि तिथून हलले नाहीत.

वृषाली रांगेच्या शेवटी होती. मुंबईहून सकाळीच आली होती. तिची पाळी आली तेव्हा कारकुनाने तिला ओळखलं, बातम्यांत बघितलं होतं.

"तुम्ही लेखिका ना," तो म्हणाला. "तुमचं काही वेगळं असेल."

"नाही," वृषाली म्हणाली. "वेगळं काही नाही. लिहा."

तिने सांगितलं की माझी बहीण काम करायची तिथलं मागचं दार कामाच्या वेळी उघडं पाहिजे. आणि शेवटचा शब्द त्याच्या लेखणीतून उतरेपर्यंत ती खिडकीवरून बाजूला झाली नाही.